सहा महिने, ऐंशी रुपये आणि गॅब्रिएलचे रबरी बूट

जेम्स जॉइसच्या 'डब्लिनर्स' या कथासंग्रहाची ही स्वस्त प्रत जानेवारीत ऐंशी रुपयांना घेतली. परवा तिची शेवटची चार पानं सुटून हातात आली, म्हणून लिहायला बसले. विकणारा म्हणतो, सात दिवसांत सांगायचं होतं. अहो, पंधरा कथा, त्यात 'द डेड' सगळ्यात लांब आणि सगळ्यात शेवटी! सात दिवसांत तिथवर पोचतं कोण?

गोष्ट ठाऊक असेलच. नाताळाच्या दिवसांत मावश्यांकडची मेजवानी उरकते, निघता निघता एक जुनं गाणं कानावर पडतं आणि त्यावरून हॉटेलच्या खोलीत ग्रेटा नवऱ्याला, गॅब्रिएलला, मायकेल फ्युरीबद्दल सांगते. तिच्यावर जीव लावून बसलेला जुना ओळखीचा पोरगा. सतरा वर्षांचा, आजारी. ती गाव सोडून जाणार म्हणून आयर्लंडमधल्या गॉलवेला तिच्या आजीच्या घरामागे भर पावसात येऊन उभा राहिला. पुढे आठवड्याभरात गेला.

पहिल्या वाचनात मी सरळ फ्युरीच्या बाजूने. गॅब्रिएल म्हणजे 'गलोश घाल, गलोश घाल' म्हणून बायकोच्या मागे लागणारा नवरा. (गलोश म्हणजे बुटांवर चढवायचे रबरी बूट.) ती मावश्यांसमोर त्याची टिंगल करते, आज घातलेच नाहीत म्हणते. मीही हसले होते.

मग जूनमध्ये पाऊस लागला, घरात 'छत्री घेतलीस का' सुरू झालं आणि ते गलोश काही डोक्यातून जाईनात. पुन्हा वाचताना एक तपशील सापडला, पहिल्यांदा चक्क निसटलेला. गेल्या वर्षी इथूनच परतताना ग्रेटाला जबर सर्दी झाली होती, म्हणून यंदा घरी न जाता हॉटेल घेतलंय. म्हणजे तिला थंडी बाधू नये म्हणून पैसे मोजून घेतलेल्या खोलीत पावसात भिजलेला तो पोरगा येऊन उभा राहतो! आणि ग्रेटाने तेव्हा त्याला काय विनवलं होतं? घरी जा, या पावसात मरशील. गॅब्रिएल तरी दुसरं काय सांगत असतो?

म्हातारपणी सुकून जाण्यापेक्षा ऐन आवेगात गेलेलं बरं, असं गॅब्रिएलला शेवटी वाटतं. मला नाही पटत. सतराव्या वर्षी गेलेल्याला बायकोसाठी गलोश विकत घ्यावे लागत नाहीत.

अर्थात गॅब्रिएललाही पैकीच्या पैकी मार्क नाहीतच. इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्याला माहीतच नव्हती, आणि ती सांगायला लागेपर्यंत साहेब स्वतःच्याच तंद्रीत होते. पण ती रडून झोपल्यावर त्याची नजर तिच्या बुटांवर जाते. एक उभा, वरचं कातडं लुळं पडलेलं; दुसरा आडवा. तिसऱ्या वाचनात मी तिथेच थांबले. गलोश न घालता बर्फातून आलेले ते बूट.

कथेला पाच तारे, बांधणीला एक. सुटलेली ती शेवटची, बर्फ पडतानाची चार पानं ह्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आहेत, ओल लागू नये म्हणून.