सीएचएन अ‍ॅनालायझर: काही महिने वापरल्यानंतर

हे मशीन नमुना जाळून त्यातल्या कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजनची टक्केवारी सांगतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या जातीची मशिन्स आतून बरीचशी सारखीच असतात.

दोन-तीन मिलिग्रॅम नमुना टिनच्या कॅप्सूलमध्ये घ्यायचा, चिमट्याने तोंड दाबून गोळी करायची आणि ऑटोसॅम्पलरमध्ये टाकायची. गोळी साधारण ९५० अंशांच्या भट्टीत पडते तेव्हाच ऑक्सिजन सुटतो. टिन स्वतः पेट घेतं, क्षणभर तापमान १८०० अंशांच्या आसपास जातं आणि चिवट संयुगंही पूर्ण जळतात. पुढे तापलेलं तांबं नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधला ऑक्सिजन काढून घेतं, उरलासुरलाही गिळतं. मग कॉलममधून वायू वेगवेगळे होऊन डिटेक्टरवर येतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने १८३१ मध्ये हेच केलं, फक्त वायू शोषून तराजूवर तोलले.

अचूकतेबद्दल तक्रार नाही. तपासणीसाठी वापरायच्या अ‍ॅसिटॅनिलाइड या शुद्ध पदार्थाचा कार्बन ७१.०९ टक्के यायला हवा. ब्लँक, म्हणजे नमुन्याशिवायच्या रिकाम्या चाचण्या, नीट घेतले की रोज त्याच्या अगदी जवळ येतो. जर्नलं साधारण ०.४ टक्क्यांचा फरक चालवून घेतात.

तरी विद्यार्थी येऊन विचारतातच, "सर, मशीन बिघडलंय का?" बहुतेक वेळा नमुना ओला असतो. कार्बन ७० टक्के असलेल्या संयुगात १ टक्का पाणी राहिलं की आकडा ६९.३ वर येतो, म्हणजे पेपरातून बाहेर. शुद्धीकरणाच्या कॉलमवरून काढलेल्या पदार्थात अडकलेलं इथाइल अ‍ॅसिटेट हे द्रावक तर एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणाऱ्या चाचणीत) चक्क दिसत असतं, पण तिकडे कोण बघतो! आता व्हॅक्युममध्ये वाळवल्याशिवाय नमुना घेतच नाही.

खरा खर्च हीलियमचा, म्हणजे जळून झालेले वायू पुढे वाहून नेणाऱ्या वायूचा. सिलिंडर महाग, वेळेवर मिळेलच असंही नाही. म्हणून नमुने साठवून एकदमच लावतो. तांबं काळं पडत गेलं की नायट्रोजनचे आकडे हलायला लागतात, तेव्हा नळी नव्या तांब्याने भरायची. टिनची राखही साचते, ती काढणं कंटाळवाणं काम आहे. फ्लोरिनवाले नमुने शक्यतो नाकारतो, कारण हायड्रोजन फ्लोराइड क्वार्ट्झची नळी खातं. ऑक्सिजन या पद्धतीत मोजलाच जात नाही. बाकीचं वजा करून तो काढायचा, म्हणजे सगळ्यांच्या चुका त्याच्या खात्यावर.

घेताना मायक्रोबॅलन्सवर काटकसर करू नका. एक मायक्रोग्रॅम दाखवणारा, न हलणाऱ्या टेबलावरचा तराजू नसेल तर बाकी मशीन फुकट. आणि महिन्याला पाच-दहाच नमुने होत असतील तर विकत घेऊच नका, बाहेरून करून घ्या.