झाकणाच्या कोळशाच्या ग्रिलवर सॅल्मन: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा काढल्यानंतर

22 इंची, झाकणाचं, गोल कोळशाचं ग्रिल घेतलं ते मुख्यतः सॅल्मनसाठी. बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या गच्चीवर त्याने आता तिन्ही ऋतू काढलेत, म्हणून सविस्तर लिहितोय. ग्रिल चांगलं आहे, घ्यायला हरकत नाही. पण सॅल्मन साधतो की बिघडतो ते ग्रिल पेटवायच्या आधीच ठरलेलं असतं, आणि विकणारा त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

आधी माशाबद्दल. बेळगावात ताजी मासळी येते ती गोव्याकडून, चोर्ला घाट चढून. सॅल्मन आपल्या समुद्रातला नव्हे. आपल्या हाती पडतो तो बहुतेक नॉर्वेत पिंजऱ्यांत वाढवलेला अटलांटिक सॅल्मन, बर्फातला नाहीतर गोठवलेला, किलोला 2,000 रुपयांच्या पुढे. अलास्कातला सॉकाय, म्हणजे समुद्रात वाढलेला लाल मांसाचा सॅल्मन, कधीतरी मुंबईहून भाऊ घेऊन येतो, तो गोठवलेलाच. हॉटेलांच्या मेन्यूत ‘इंडियन सॅल्मन’ असतो तो आपला रावस. त्याचं कूळ वेगळं, त्यामुळे त्याला खालच्या कृती लागू नाहीत.

अटलांटिक आणि सॉकाय या दोघांतला फरक सुरी लावताच कळतो. अटलांटिकच्या फिकट केशरी मांसात चरबीच्या पांढऱ्या रेघा ठळक दिसतात. सॉकाय गर्द लाल आणि रेघा जवळजवळ नाहीतच. तो समुद्रात कोळंबीच्या जातीचे बारीक जीव खाऊन वाढतो आणि त्यांच्यातल्या अ‍ॅस्टाझँथिनमुळे त्याला रंग चढतो. पिंजऱ्यांतल्या सॅल्मनला हेच द्रव्य खाद्यातून देतात. रंगापेक्षा चरबी महत्त्वाची. चरबी धूर धरून ठेवते आणि मांस कोरडं पडू देत नाही. म्हणून धुरीला, म्हणजे धुरात हळूहळू शिजवायला, माझी पसंती अटलांटिकला. सॉकाय झटपट भाजलेलाच बरा. सॉकायची धुरीही होते, फक्त पातळ तुकडा असल्याने डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

आता खरं काम. जाड तुकड्याला एक भाग खडे मीठ कुटून आणि दोन भाग गुळाची पावडर चोळतो, फ्रीजमध्ये सहा-सात तास ठेवतो. सॉकायला निम्मा वेळ पुरतो. गूळ आपल्या भागातला, काळसर घ्या. पांढऱ्या साखरेने तो रंग येत नाही. मिठाने पाणी सुटतं, मांस घट्ट होतं. मग झटकन धुऊन, कापडाने टिपून, जाळीवर उघडाच ठेवायचा. काही तासांत वर पातळ, चकचकीत, बोटाला किंचित चिकटणारा पापुद्रा येतो. तो आला की धूर माशावर सारखा बसतो. तो न येता ओला मासा आत गेला, तर धूर ओलाव्यात विरघळून आंबट-कडवट चव येते.

हा पापुद्रा आपल्याकडे ऋतूप्रमाणे वागतो. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत पंख्याखाली दोन-तीन तासांत होतो. जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, भिंतींनाही घाम येतो, तेव्हा पंखा फिरवून काही उपयोग नाही. आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात मासा बाहेर ठेवणं धोक्याचंच. या दोन्ही ऋतूंत फ्रीजच्या वरच्या कप्प्यात रात्रभर उघडा ठेवतो. फ्रीजमधली हवा कोरडी असते, सकाळी बोट लावलं की कळतं. बायकोने त्यासाठी एक कप्पा मोकळा करून दिलाय, तिथे दुधा-दह्याला प्रवेश नाही.

विस्तव एका कडेला, मासा दुसऱ्या कडेला, मध्ये पाण्याचं ताट, आणि झाकणाचं भोक माशाच्या वर येईल असं फिरवायचं, म्हणजे धूर माशावरूनच बाहेर जातो. आत सुरुवातीला 80 अंश सेल्सिअस ठेवतो, शेवटी 110 पर्यंत नेतो. एकदम आच दिली की मांस आक्रसतं आणि फटींतून पांढरट थर बाहेर येतो. ते प्रथिन आहे, खायला काही होत नाही, पण मासा आतून कोरडा पडल्याची ती खूण. झाकणावरचा काटा वरच्या हवेचं तापमान दाखवतो, जाळीजवळचं वेगळं असतं, म्हणून टोचायचा थर्मामीटर वेगळा घ्याच. अमेरिकेत माशासाठी आतल्या 63 अंशांची शिफारस आहे. घरात वयस्कर आई-बाबा आहेत, मी तेच पाळतो, फक्त सॉकायला 63 च्या वर क्षणभरही राहू देत नाही.

अलास्काकडे धुरीला आल्डरचं लाकूड वापरतात. इथे त्याची गरज नाही. खानापूरकडून आणलेली आंब्याची आणि पेरूची वाळकी लाकडं झकास चालतात. पेरूचा धूर सौम्य, अटलांटिकला तोच द्यावा. काजूच्या बियांची टरफलं मात्र चुकूनही टाकू नका, त्यांतलं तेल कातडी भाजणारं असतं आणि त्याचा धूरही घातक. विस्तवाला करवंटीच्या कोळशाच्या विटा सर्वांत बऱ्या: आच टिकते, राख कमी.

ग्रिलबद्दल तक्रार एकच, पण मोठी. भांड्याचा इनॅमल अजून नव्यासारखा आहे, झाकण घट्ट बसतं, भोकं नीट सरकतात. जाळीवरचा मुलामा मात्र पहिल्याच पावसाळ्यात सुटला, गंज धरला. दुकानदार म्हणाला, सुटी जाळी मिळत नाही. शेवटी उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये 304 स्टेनलेसची करून घेतली, सळया मूळच्यापेक्षा जाड. आता आचही धरून राहते आणि कातडी चिकटत नाही. तुम्ही घेणार असाल तर पहिल्या दिवसापासून हीच जाळी करून घ्या.

धुरी न देता झटपट भाजताना तेल जाळीला नको, माशाला लावायचं. जाळी तापू द्यायची, कातडी खाली ठेवायची आणि हलवायचं नाही. कातडी कुरकुरीत झाली की आपोआप सुटते. बहुतेक सगळं शिजणं त्याच बाजूवर होऊ द्यायचं, उलटायचा तो जेमतेम मिनिटभर. सॉकायवर मी शेवटी कोकमाचं आगळ, गूळ आणि ठेचलेली मिरची फिरवतो. गूळ आधी लावला तर जळतो. सोबत आपल्या लाल मातीतली रताळी त्याच विस्तवात पुरावीत. रावसाला मात्र आलं-लसूण-हळद आणि तापली जाळी, बाकी काही नको.

थंड धुरीच्या, म्हणजे 30 अंशांच्या खाली न शिजवता करायच्या सॅल्मनच्या वाटेला घरी जाऊ नका. आपल्याकडे मार्च ते मे दुपारी नुसती हवाच त्याच्या वर जाते, आणि लिस्टेरियासारखे जंतू त्यात मरत नाहीत. तसंच गोठवलेला सॅल्मन हवाबंद पाकिटात असेल, तर फ्रीजमध्ये वितळवण्याआधी पाकीट फोडा. हवा नसलेल्या जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा एक जंतू फ्रीजच्या थंडाव्यातही वाढू शकतो.

1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ते दोन महिने गोठवलेल्या सॅल्मनचे. बंदी उठली की बाजारात बांगडा येतो, आणि पावसानंतर त्याच्या अंगात चरबी चांगली असते. सॅल्मनसारखंच मीठ-गूळ, तसाच पापुद्रा, पेरूचा धूर, वेळ निम्म्याहून कमी. किंमत सॅल्मनच्या पासंगालाही नाही. हात बसवायचा असेल तर आधी बांगड्यावर बसवा.