सेकंडहँड डिझेल व्हॅन: दहा महिने आणि गोव्याचा एक पावसाळा

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही आठ सीटची जुनी डिझेल व्हॅन घेतली. 2018 ची, बीएस-4 (धुराच्या प्रदूषणाचा जुना नियम), मीटरवर 82 हजार किलोमीटर, किंमत साडेतीन लाख. आता फेब्रुवारी चालू आहे आणि मीटर 96 हजारांच्या पुढे गेलाय. आम्ही गोव्यातल्या साखळीचे. कोकमची सोलं, आगळ, मसाले, पापड असा घरगुती धंदा. दर शुक्रवारी म्हापशाचा बाजार आणि दोनेक महिन्यांनी चोर्ला घाटाने बेळगाव, ब्याडगी मिरची आणायला. गाडी बहुतेक वेळा मीच चालवते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही जुन्या डिझेल व्हॅनला लागू पडतं. गोव्यात जुनी गाडी घेताना मीटर मागाहून बघा, आधी तिच्याखाली शिरा.

हे मला पहिल्याच व्हॅनने शिकवलं. ती किनारपट्टीची, जीए-03 नंबरची. पांढरीशुभ्र, पॉलिश मारलेली, मीटरवर जेमतेम 40 हजार. "वहिनी, अशी गाडी परत मिळायची नाही," असं एजंट तीनदा म्हणाला. आमचे मेस्त्री काही न बोलता जमिनीवर गोणपाट टाकून गाडीखाली सरकले. खाली काळं कोटिंग इतकं ताजं होतं की वास येत होता. स्लायडिंग दरवाजाच्या खालच्या पट्टीवर त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत ठोकत पुढून मागे यायला सुरुवात केली. पुढे टणटण आवाज, मागच्या चाकाजवळ एकदम बसका. तिथे त्यांनी टोक जरा दाबलं, तर ते बोटभर आत गेलं. "हात पुढे करा वहिनी," म्हणाले, आणि माझ्या तळहातावर भिजलेल्या बिस्किटासारखे तांबडे पापुद्रे पडले.

समुद्राकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्र्याला आतून खातात. त्या पट्टीला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. वाळूने किंवा वरून मारलेल्या कोटिंगने ती बुजली की पाणी आतच राहतं. इंजिन उघडून नवं करता येतं. असा कुजलेला पत्रा कापून तुकडा जोडतात खरा, पण त्या जोडाच्या कडेने गंज परत धरतो. मीटर काहीही सांगो, आम्ही तिथूनच परत फिरलो.

बीएस-4 मुद्दाम निवडली. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि त्यानंतरच्या बऱ्याच डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आला. तो स्वतःहून साफ व्हायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगात पळावी लागते. आमचं रोजचं धावणं साखळी ते डिचोली, डिचोली ते घर. ज्यांना रोज हायवे आहे त्यांनी बीएस-6 जरूर बघावी, आमच्यासारख्यांनी दहादा विचार करावा.

दिल्लीहून आलेली एक गाडी फार स्वस्त मिळत होती. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी होती, त्यामुळे त्या एनओसी (ना हरकत दाखला) घेऊन इतर राज्यांत विकल्या जात होत्या. पण परराज्यातली गाडी म्हणजे नव्याने नोंदणी आणि इथला रोड टॅक्स, म्हणून नको म्हटलं. पुरात बुडालेली गाडी गळ्यात पडू नये म्हणून मात्र आम्ही प्रत्येक गाडी घाबरून तपासली. 2019 ला सांगली-कोल्हापूर बुडालं, 2021 च्या जुलैत चिपळूण, आणि त्याच जुलैत आमच्या वाळवंटी आणि म्हादई नद्यांनाही पूर आला. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. वरचा पट्टा धुवून काढतात, आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहते. सीटचे रूळ, मॅटखालचा कोपरा, हेडलाइटच्या आतली कड हेही बघून घ्या.

जी घेतली ती जीए-04, डिचोलीच्या एका शिक्षकांची. आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, "सर, सकाळी आम्ही येईपर्यंत चालू करू नका." सात वाजता मेस्त्रींनी आधी इंजिनावर हात ठेवला. थंड होतं, मग चावी फिरवली. एक वेगळा विक्रेता गाडी तापवून ठेवून बसला होता, तिथे आम्ही पाच मिनिटंसुद्धा थांबलो नव्हतो. चालू इंजिनावर ऑईलचं झाकण काढून उलटं तोंडावर ठेवलं. ते नाचायला लागलं, भकाभका धूर वर आला, तर पिस्टन रिंगा गेल्या समजायच्या. आमचं जागेवर नुसतं थरथरलं. ऑईल काळं होतं, पण डिझेलमध्ये ते बदलल्यावर लगेचच काळं होतं, त्यावरून काही ठरत नाही. दुधाळ दिसलं तर मात्र गाडी सोडा. मग नोझलांच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या) परतीच्या नळ्या काढून चार छोट्या बाटल्यांत सोडल्या आणि गाडी पाच मिनिटं चालू ठेवली. चारही बाटल्या सारख्याच भरल्या. एखादी दुप्पट भरली असती तर ते नोझल गेलेलं, आणि त्याचा खर्च किमतीतून कापायचा. टर्बोच्या पाइपाला आतून ऑईलचा ओशटपणा होता, थेंब नव्हते, म्हणजे ठीक.

कागदांत फार वेळ गेला नाही. चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघितला, बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म 35, नावावर करायला 29 आणि 30. चलनं मोबाइलवर तिथेच तपासली. विमाही लगेच आपल्या नावावर करून घ्या, पुढच्या वर्षी बघू म्हणू नका.

आता आमचं काय चुकलं ते. आम्ही गाडी बघितली एप्रिलच्या कोरड्यात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मागच्या दिव्याच्या रबरातून पाणी आत आलं आणि सोलांची दोन पोती खालून भिजली. सोलं भिजली की बुरशी धरते. दोन्ही पोती टाकावी लागली. एक नळी लावून छपरावर, दरवाजाच्या रुळावर, दिव्यांवर दहा मिनिटं पाणी मारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. दुसरं हीटर प्लगचं, थंड इंजिन चालू व्हायला आत ऊब देतात ते. एप्रिलच्या उष्म्यात गाडी झटकन चालू झाली. डिसेंबरात चोर्ल्याच्या वर मुक्काम पडला, तर पहाटे पांढरा धूर सोडत गाडी अर्धा मिनिट हादरत राहिली. चारपैकी दोन प्लग मेलेले निघाले. मल्टिमीटर लावून तपासले असते तर दोन मिनिटांचं काम होतं.

पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू मी दर महिन्याला सोडते. ऑगस्टमध्ये काचेच्या बाटलीत धरलं, तर वर पिवळसर डिझेल आणि खाली बोटभर स्वच्छ पाणी, मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ. ते पाणी पंपात गेलं असतं तर पंप आणि नोझल दोन्ही गेली असती, कारण त्यांना वंगण डिझेलचंच असतं.

अ‍ॅव्हरेज माल भरून 14, रिकामी 16. घाट चढताना इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावरून हलत नाही, याचं मला फार समाधान आहे. मागचे पाटे (स्प्रिंगा) कडक आहेत, सासूबाईंना मागच्या सीटवर पाठ दुखते, त्यांना पुढेच बसवते. चवथीच्या आठवड्यात गाडी एक दिवसही उभी राहिली नाही. दहा महिन्यांत बॅटरी, दोन प्लग, दिव्याचं रबर, सर्व्हिसिंग मिळून 21 हजार गेले.

दिवाळीनंतर मेस्त्रींनी खालची पट्टी परत ठोकून बघितली. पुढून मागेपर्यंत टणटण. क्लच मात्र वर पकडायला लागलाय, तो मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत उतरवायचाय.