वाशीतला एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशनचा क्लास: तीन रविवार, साडेचार हजार रुपये, वर्थ आहे का?

आधी सांगते मी का गेले. नणंद आणि मी नेरुळहून पापड, कुरडया, मसाले असं दुबईच्या एका दुकानदाराला पाठवतो, धंदा छोटाच आहे. गेल्या वर्षी आमचे 42 कार्टन एलसीएलने गेले, म्हणजे आख्खा कंटेनर आपला नाही, चार जणांच्या मालाबरोबर आपला पण. फॉरवर्डरचा, म्हणजे जहाजाने माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्याचा, संध्याकाळी सात वाजता व्हॉट्सॲप, ड्राफ्ट बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाजाने नेलेल्या मालाचा कागद) बघून कन्फर्म करा, आणि मी एका हाताने कुकर उतरवत दुसऱ्या हाताने 'ओके' टाकलं. कन्साइनीच्या, म्हणजे तिकडे माल घेणाऱ्याच्या, नावात 'जनरल ट्रेडिंग' पाहिजे होतं, तिथे नुसतं 'ट्रेडिंग'. झालं, माल दुबईच्या जेबेल अली बंदरात पोचला आणि तिकडे अडकला, करेक्शनचे पैसे, गोडाऊनचं भाडं, वर दुकानदाराची बोलणी. चूक फॉरवर्डरने टाइप केलेली पण ओके माझं, म्हणून बिल पण माझंच. नणंद म्हणाली, "वहिनी, आपण हे कागद वाचायला शिकू या, नाहीतर पापड लाटून उपयोग काय."

क्लास स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. सर रिटायर्ड आहेत, आयुष्य सीएचएच्या (कस्टमचं काम करून देणाऱ्या एजंटच्या) ऑफिसात आणि न्हावा शेवा बंदराला चकरा मारण्यात गेलेलं, बोलायला एकदम साधे, सगळ्यांना ताई-दादा. पुस्तक वाचून दाखवत नाहीत. खरे जुने कागद, नावं काळी केलेली, त्यांच्या झेरॉक्स हातात देतात. पहिल्याच दिवशी टेबलावर इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (एक्सपोर्टसाठी कस्टमला द्यायचा कागद) आणि बीएल शेजारी शेजारी मांडले आणि म्हणाले बोट ठेवून आडवं वाचा, उभं नाही. म्हणजे एक अख्खा कागद वाचून मग दुसरा असं नाही, कार्टनचा आकडा चारही कागदांवर, मग वजन चारही कागदांवर, मग नाव. अर्ध्या तासात आमच्या टेबलाने तीन चुका काढल्या आणि चौथी सरांनी दाखवली, एका ठिकाणी 1,248 किलो आणि दुसरीकडे 1,284. आम्ही सगळ्यांनी तीन वेळा वाचून सोडलेलं होतं 😅

कंटेनर नंबरचं तर मला माहीतच नव्हतं. चार अक्षरं आणि सात आकडे, त्यातला शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून हिशोब करून काढलेला असतो, त्यामुळे मध्ये एक आकडा चुकला तर बहुतेक वेळा लगेच पकडता येतो. आम्ही वहीत गणित करून बघितलं, दहावीनंतर पहिल्यांदा.

बीएलवर मात्र सर पूर्ण एक रविवार थांबले आणि ते बरं केलं. बीएल म्हणजे नुसती पावती नाही, मालाचा हक्कच त्या कागदात असतो, म्हणून ओरिजिनल सहसा तीन काढतात आणि त्यातल्या एकावर डिलिव्हरी झाली की बाकीचे दोन बाद. आणि आपल्याकडून दुबई जवळ, जहाज काही दिवसांत पोचतं, कागद कुरियरमध्ये असतात तोवर माल तिकडे हजर, म्हणून पैसे आधी आले असतील तर लोक इथेच बीएल सरेंडर करतात, म्हणजे शिपिंग कंपनीला परत देतात, आणि तिकडे रिलीजचा मेसेज जातो. त्याला अजून टेलेक्स रिलीज म्हणतात, टेलेक्स मशीन कधीच गेलं, नाव राहिलं. पण पैसे यायच्या आधी सरेंडर केलं की माल गेला हातचा, हे त्यांनी तीनदा सांगितलं. 1856 चा कायदा जाऊन 2025 मध्ये नवा आला तेही सांगितलं, पण त्यात घोळवत बसले नाहीत.

एफओबीवरून (माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याची, अशी सौद्याची अट) बॅचमध्ये भांडण झालं. सरांचं म्हणणं, कंटेनर आपण जहाजावर नेऊन देत नाही, आधीच टर्मिनलला किंवा सीएफएसला (बंदराजवळच्या कंटेनर गोदामाला) सोपवतो, मग इन्कोटर्म्सप्रमाणे, म्हणजे परदेशी सौद्यांच्या ठरलेल्या अटींप्रमाणे, एफसीए (माल वाहतूकदाराला सोपवला की आपली जबाबदारी संपली) बरोबर. मागे बसलेले एक दादा म्हणाले सर, एफसीए लिहिलं तर माझा बायर घाबरेल. सर हसले, म्हणाले लिहा एफओबी, पण पुढे पोर्टचं नाव लिहा आणि माल मध्येच खराब झाला तर कोणाचा हे आधी ठरवा.

आता तक्रारी. बॅच मोठी, एसी नावाला, हँडआउटची झेरॉक्स इतकी फिकट की चष्मा लावूनही शिपिंग बिलातले बारीक रकाने दिसत नाहीत. आइसगेटवर, म्हणजे कस्टमच्या वेबसाइटवर, फाइलिंग कसं होतं ते वीस मिनिटांत उरकलं. एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, बायरच्या बँकेची पैशांची हमी) पण पळवलं, बँकेला कागद शिपमेंटनंतर 21 दिवसांत द्यायचे एवढं लक्षात राहिलं, बाकी डोक्यावरून. इम्पोर्टवाल्यांनी जाऊ नये, त्यांच्यासाठी जवळजवळ काही नाही. आणि बायर मिळवून देतील म्हणून कोणी जात असेल तर तसलं इथे काही नाही, हॉटेलात चहा देऊन करोडपती करणारे सेमिनार वेगळे.

माझ्याकडून पाचपैकी चार. पुढे बसा, आणि स्वतःचे कागद घेऊन जा. शेवटच्या रविवारी मी आमचा नवा ड्राफ्ट बीएल नेला होता, सरांच्या आधी नणंदेनेच बोट ठेवलं, ग्रॉस वेटच्या (पॅकिंगसकट वजनाच्या) जागी नेट वेट (नुसत्या मालाचं) पडलेलं. तिथूनच फॉरवर्डरला मेसेज केला, ड्राफ्टच होता म्हणून फुकटात बदलून दिला.