बोटीला ऑटोपायलट बसवला, सहा महिने वापरला, आणि पैसे नक्की कुठे गेले

आमची बोट चोवीस फुटी, २००९ ची, सेकंडहँड, मागे २५० हॉर्सपॉवरचं एकच आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन). अमेरिकेत मेरीलँडमध्ये ॲनापोलिसजवळ असते, फिरणं सगळं तिथल्या चेसापीक बे या खाडीतच. गेल्या ऑक्टोबरात इथल्या बोट शोमध्ये सूट दिसली म्हणून ऑटोपायलटचा, म्हणजे ठरवलेल्या दिशेने बोट आपोआप वळवत नेणारा, सेट उचलला, हिवाळ्यात बसवला आणि एप्रिलपासून साधारण ७० तास वापरला. घ्यायच्या आधी जिथे बघावं तिथे नुसती सेटची किंमत दिसायची, वरचा खर्च कोणी धड सांगेना, म्हणून हे लिहितोय.

मी ३५०० डॉलर धरले होते, गेले ५२९०. सेट २८५० चा. कोंबडी चार आण्याची नव्हतीच, पण मसाला मात्र तिच्या तोडीस तोड निघाला.

ब्रँड सांगत नाही, उगाच वाद होतो. गार्मिन, रेमरीन, सिमरॅड, सगळ्यांचं गणित सारखंच आहे: एक कॉम्प्युटर, एक कंपासवाला सेन्सर, एक बटणांचा डबा आणि एक हायड्रॉलिक पंप (तेलाच्या दाबाने इंजिन वळवणारा). तुमचा प्लॉटर (नकाशाचा स्क्रीन) ज्याचा आहे त्याचाच घ्या, म्हणजे स्क्रीनवरूनच चालवता येतो. आणि पंप बोटीच्या लांबीवर निवडायचा नसतो, स्टिअरिंगच्या सिलिंडरमध्ये तेल किती मावतं त्यावर निवडायचा असतो. माझा सिलिंडर साडेआठ घन इंचांचा, म्हणजे १४० सीसीच्या आसपास. शोमधला सेल्समन "चोवीस फूट ना, मग छोटा पंप पुरे" म्हणत होता, त्याचं ऐकलं असतं तर पंप दिवसभर धापा टाकत बसला असता. घरून सिलिंडरचा मॉडेल नंबर फोटो काढून नेला होता म्हणून वाचलो.

तुमच्याकडे जुनं केबलचं स्टिअरिंग असेल तर आधी तिथेच थांबा. एकतर केबलला चालणारं वेगळं ड्राइव्ह शोधा नाहीतर अख्खं स्टिअरिंग हायड्रॉलिक करा, आणि त्याचं बजेट वेगळं.

आता मसाला. फिटिंग, होज आणि तेल ३१०. एनएमईए २००० ची, म्हणजे बोटीवरची उपकरणं एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्कची, मुख्य केबल, टी-जोड आणि दोन्ही टोकांचे टर्मिनेटर १९०. जाड वायर आणि ब्रेकर १२०. या सगळ्यावर सेटसकट सहा टक्के टॅक्स, म्हणजे आणखी दोनशेच्या वर, आणि हा मी चक्क विसरलो होतो. वायरची काटकसर करू नका, पंप सुरू होताना एकदम करंट ओढतो, बारीक वायरवर व्होल्टेज पडतं आणि कॉम्प्युटर भर पाण्यात रीस्टार्ट होतो. मी बॅटरी स्विचपासून नवीनच लाइन ओढली, दोन रविवार गेले, गुडघे गेले ते वेगळेच.

मजुरीला बोट दुरुस्तीच्या यार्डवाल्याने पूर्ण कामाचे १४ तास सांगितले, तासाला १५० डॉलर. मी म्हणलं वायरिंग माझं, हायड्रॉलिक आणि शेवटचं सेटिंग तुमचं, तर ७ तासांत बसलं, १०५०. पण नळ्या उघडल्यावर कळलं की सिलिंडरचं सील आधीपासूनच गळतंय, ते २६०. हे ऑटोपायलटचं बिल नाही हे मलाही कळतं, पण पैसे त्याच आठवड्यात त्याच खिशातून गेले. जुनी बोट असेल तर या खात्यात आधीच काहीतरी टाकून ठेवा.

आणि मग एप्रिलमधली पहिली ट्रायल! बोट सरळ जायच्या ऐवजी साप गेल्यासारखी, डावीकडे उजवीकडे डावीकडे, बायको म्हणाली तूच बरा चालवतोस. मी सेटिंगमध्ये जाऊन एकेक आकडा कमी-जास्त करत बसलो आणि दोष निघाला तेलात, नळ्यांमध्ये हवा राहिली होती. परत ब्लीड केलं, म्हणजे ती हवा काढली, दोन तास, ३००. काम त्यांचंच अपुरं होतं तरी बिल मला, आणि मी भांडलो नाही कारण सीझन सुरू झाला होता आणि दुसरा माणूस महिनाभर मिळाला नसता. तुम्ही मात्र कोटेशनमध्येच लिहून घ्या की ट्रायल नीट होईपर्यंतचं ब्लीडिंग यातच.

दुसरी चूक शंभर टक्के माझी. सेन्सर मी डॅशबोर्डखाली जिथे जागा दिसली तिथे चिकटवला, पलीकडच्या बाजूला स्पीकर. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं हे शाळेतलं पोरगं सांगेल. हेडिंग, म्हणजे बोटीच्या तोंडाची दिशा, बारा अंशांनी चुकत होतं. केबिनमध्ये मीटरभर लांब नेला, शांत पाण्यात हळू गोल चकरा मारून पुन्हा कॅलिब्रेट केला, तेव्हापासून तक्रार नाही.

वापराचं म्हणाल तर लांब पल्ल्याला सोनं आहे. ॲनापोलिस ते सॉलोमन्स ४५ नॉटिकल मैलांच्या आसपास पडतं, आधी उतरल्यावर खांदे भरून यायचे, आता येत नाहीत. मागून लाटा आल्या की बोट सारखी तोंड फिरवते, तिथे रिस्पॉन्स (तो किती जोमाने वळवतो ते सेटिंग) एक घर वाढवला की माझ्यापेक्षा बरं धरून ठेवतो. चार-पाच नॉटच्या खाली मात्र चाचपडतो, आउटबोर्डला तेवढ्या वेगात पकडच कमी असते, तिथे हातानेच चालवतो.

जूनमध्ये बाबा आले होते, ते चाकाजवळून हलायलाच तयार नाहीत. "अरे चाक तर फिरत नाहीये, मग बोट वळतेय कशी?" पंप तेल थेट सिलिंडरला देतो, हेल्ममधले (चाकामागच्या पंपातले) व्हॉल्व्ह ते चाकापर्यंत येऊ देत नाहीत, म्हणून इंजिन वळतं आणि चाक ढिम्म. दोनदा समजावलं, तरी अर्धा तास हात चाकावरच.

एका अर्थी बाबांचंच बरोबर. इथे उन्हाळ्यात खेकड्यांच्या सापळ्यांचे बोये (खुणेचे तरंगते गोळे) एवढे असतात की दोन मिनिटं फोनमध्ये डोकं घातलं की दोरी प्रोपेलरमध्ये गेलीच. ऑटोपायलटला बोया दिसत नाही, दुसरी बोटही दिसत नाही, त्यामुळे टक्कर टाळायच्या जलवाहतूक नियमांतला पाळत ठेवायचा नियम ५ आपल्यालाच पाळायचाय. बे उथळ आहे, सरासरी खोली जेमतेम २१ फूट, तो ठरवलेल्या रेषेवरून बिनधास्त वाळूत नेईल. आणि वेपॉइंट (प्लॉटरवर ठरवलेलं जायचं ठिकाण) कधीही नेमका बोयावर किंवा दीपगृहावर टाकू नका. मी थॉमस पॉइंटचं दीपगृहच वेपॉइंट धरलं होतं, आणि तो अगदी इमानदारीत १८७५ सालच्या त्या इमारतीकडे निघाला होता.

वायरलेस रिमोट तेव्हा तीनशे वाचवायला घेतला नाही. मासे धरताना मागे उभं राहून कोर्स बदलता आला असता, ती एक चुटपुट आहे. बोट पुढच्या आठवड्यात पाण्याबाहेर काढतोय, रिमोटचं घरी अजून बोललो नाही.