नर, मादी आणि एक लाख दहा हजार चारशे पन्नास रुपये

मी एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले आणि तरीही माशांच्या प्रजननाच्या धंद्यात फसवला गेलो, हे आधीच सांगून टाकतो. ते लपवून लिहिले तर पुढचे सगळे खोटे वाटेल. २०१९ मध्ये आमच्याच सांगली जिल्ह्यातून कडकनाथ कोंबड्यांचे प्रकरण उघडकीला आले, तेव्हा स्टाफरूममध्ये बसून त्या शेतकऱ्यांना हसणाऱ्यांत मीही होतो. पक्षी आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच विकत घेतो, असे सांगणाऱ्यावर लोक विश्वास तरी कसा ठेवतात, असे मी तेव्हा म्हटले होते. पाच वर्षांनी मी नेमके तेच केले, फक्त कोंबडीच्या जागी बेट्टा होता. बेट्टा म्हणजे आपण ज्याला फायटर म्हणतो तो, दुकानात काचेच्या बरणीत एकटा ठेवलेला, लांब पंखांचा मासा.

योजना कशी असते हे तुम्हाला ठाऊकच आहे. जोड्या एका कंपनीकडून घ्यायच्या आणि चार महिन्यांनी तयार झालेले नर हमीभावाने त्यांनाच द्यायचे; भाव नगाला १८० रुपये. एका जोडीपासून दर महिन्याला शंभर पिल्ले जगतात, त्यांतले पन्नास नर, असे त्यांचे गणित होते. चोवीस जोड्यांचे मासिक उत्पन्न त्या हिशेबाने २,१६,००० रुपये होत होते. मी शहाणपणा करून ते निम्मे धरले आणि १,०८,००० वर समाधान मानले. आज मला सर्वांत जास्त लाज त्या निम्म्याची वाटते, कारण खोट्याला दोनाने भागले तरी उत्तर खोटेच येते, एवढे तरी मला कळायला हवे होते.

आता रकमा देतो. चोवीस जोड्या, प्रत्येकी ३,६०० रुपये, म्हणजे ८६,४००. दोनशे बरण्या ९,०००. एका दिवसाचे प्रशिक्षण २,५००. पिल्लांच्या जिवंत खाद्याचा संच ३,२००. वाहतूक १,८५०. आणि अनुदानाची फाइल तयार करण्याचे ७,५००. एकूण १,१०,४५० रुपये मी त्यांना दिले, आणि मांडणी, हीटर, वीजबिल यांवर घरचे २३,७०० रुपये वेगळे गेले.

अनुदानाचे आमिष विशेष हुशारीचे होते, कारण त्यात अर्धे सत्य होते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली, तीत घरगुती शोभिवंत मत्स्यपालनाचा घटक होता, त्याची प्रकल्प किंमत तीन लाख धरत आणि महिला अर्जदाराला साठ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकत होते. त्यांनी माझ्या पत्नीच्या नावाने अर्ज करायला लावला आणि १,८०,००० रुपये परत येतील असे तोंडी सांगितले. तो अर्ज कार्यालयात पोहोचलाच नव्हता. सरकारी योजनेची फाइल करून देण्यासाठी जो विक्रेता पैसे मागतो, त्याच्याशी तिथेच बोलणे थांबवा आणि स्वतः जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा.

जानेवारी २०२४ मध्ये मी पुण्याजवळची त्यांची शेड बघायला गेलो. तिथला एक क्षण मी तेव्हापासून रोज रात्री पुन्हा बघतो. एका टाकीत नर आणि मादी एकत्र होते. पृष्ठभागावर थर्माकोलचा अर्धा पेला तरंगत होता, त्याखाली बुडबुड्यांचे घरटे होते आणि खाली वीस-पंचवीस पिल्ले पोहत होती. ही पिल्ले चार दिवसांची आहेत, असे मला सांगण्यात आले.

बेट्टाचे जे मुळाक्षर आहे, तेच त्या टाकीत चुकले होते. नर तोंडातून लाळमिश्रित हवेचे बुडबुडे सोडून घरटे बांधतो. मादी तयार असेल तर तिच्या अंगावर उभे फिकट पट्टे उमटतात. घरट्याखाली नर तिच्याभोवती शरीराचा वेढा घालतो. पहिल्या काही वेढ्यांत अंडी पडतही नाहीत, मग थोडी थोडी पडू लागतात. मादी काही क्षण बधिर होऊन तरंगते, अंडी पाण्यापेक्षा जड असल्यामुळे सावकाश खाली जातात आणि नर ती एकेक करून तोंडात धरून घरट्यात नेऊन चिकटवतो. हे काही तास चालते. सगळे संपले की नर मादीला घरट्याजवळ फिरकू देत नाही. छोट्या टाकीत तिला बाहेर काढली नाही तर तो तिचे पंख फाडतो, प्रसंगी मारून टाकतो, आणि तीही संधी मिळाली तर अंडी खाते. साधारण दीड दिवसात अंडी फुटतात, पिल्ले आणखी दोन-तीन दिवस घरट्याला शेपटी खाली करून लटकतात आणि मग आडवी पोहू लागतात. तेव्हा नरालाही काढायचे असते.

म्हणजे चार दिवसांची पिल्ले असलेल्या टाकीत मादी असणेच अशक्य होते, आणि असलीच तर तिचे पंख असे अखंड, इस्त्री केल्यासारखे नसते. मला ते खटकले. मी विचारलेही. समोरचा तरुण हसून म्हणाला, "सर, आमची ब्लडलाइनच शांत आहे." मी मान डोलावली. एकतीस वर्षे मुलांना 'कारण द्या' असा प्रश्न घालणाऱ्या मी 'ब्लडलाइन' हा शब्द कारण म्हणून स्वीकारला.

पिल्लांची गोष्ट तर त्याहून वाईट आहे. बेट्टाची पिल्ले त्या वयात तीन-चार मिलिमीटरची, सुताच्या तुकड्यासारखी असतात. बघायला डोळे बारीक करावे लागतात. टाकीतली पिल्ले मला पाच फुटांवरून दिसत होती. घरी आल्यावर काढलेली चित्रफीत मी कितीदा तरी अभिमानाने पाहुण्यांना दाखवली. ती गप्पीची पिल्ले आहेत हे मला सप्टेंबरमध्ये कळले. डासांच्या अळ्यांसाठी महाविद्यालयाच्या हौदात मी स्वतः वर्षानुवर्षे गप्पी सोडले आहेत, आणि तरीही मला ती ओळखू आली नाहीत.

माझ्या बाजूने एवढेच सांगतो की मी अगदी डोळे मिटून गेलो नव्हतो. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना कंपनीने ऐंशी नरांचे १४,४०० रुपये खरोखर दिले होते आणि बँकेची नोंद मी पाहिली होती. ते पैसे आमच्यासारख्या पुढच्या गिऱ्हाइकांचे होते आणि ते ऐंशी नर 'थायलंडहून आयात' या नावाने पुढच्या जोड्यांत विकले गेले असावेत, असे आज माझे ठाम मत आहे. थायलंडने २०१९ मध्ये या माशाला राष्ट्रीय जलचर घोषित केले, हे त्यांच्या पत्रकातले एक वाक्य मात्र खरे होते. बाकी आयातीसाठी केंद्राचा परवाना आणि विलगीकरण लागते. त्याची कागदपत्रे मागितल्यावर जो विषय बदलतो, त्याचे मासे थायलंडचे नसतात.

फेब्रुवारीत मासे आले. चोवीस 'माद्यां'पैकी नऊ नर निघाल्या. आखूड पंखांचा प्लाकट प्रकारचा तरुण नर मादीसारखाच दिसतो आणि याचाच त्यांनी फायदा घेतला होता. ओळखण्याची रीत सोपी आहे, मला ती विकत घ्यावी लागली: प्रत्येक माशापुढे आरसा धरा आणि कल्ले फुगवल्यावर खाली दाढीसारखा पडदा किती बाहेर येतो ते पाहा. नराचा ठळक दिसतो, मादीचा फारसा नाही. पोटाखालचा अंडी बाहेर येण्याचा पांढरा ठिपकाही पाहा, मात्र केवळ त्यावर विसंबू नका, कारण कोवळ्या नरांतही तसा ठिपका दिसतो. पहिल्याच आठवड्यात दोन 'जोड्यां'नी एकमेकांना फाडून काढले आणि मी कंपनीला दूरध्वनी केला, तेव्हा माझ्या पाण्याचे तापमान चुकते आहे असे उत्तर मिळाले. मी आणखी एक हीटर आणला.

खऱ्या जोड्यांपैकी पाचांनी मार्च-एप्रिलमध्ये अंडी घातली. दोन वेळची अंडी बापानेच खाल्ली. पहिल्यांदा बाप होणाऱ्या किंवा सारखे डोकावून घाबरवलेल्या नराचे असे होते, आणि डोकावणारा मीच होतो. उरलेल्या तिन्हींतून, आर्टेमियाची, म्हणजे पिल्लांना खाऊ घालायच्या बारीक जलजीवांची, अंडी पहाटे चारला उठून उबवत, मी १३१ मासे वाढवले. त्यांत ५८ नर होते. हमीभावाने त्यांचे १०,४४० रुपये झाले असते.

तेव्हा कराराचे दुसरे पान बाहेर आले. नर 'जनकांच्याच रंगाचा, प्रथम प्रतीचा' असेल तरच खरेदी बंधनकारक, असे तिथे बारीक अक्षरांत होते. मला दिलेले मासे कोई प्रकारचे, ठिपकेदार होते. त्या प्रकारात मार्बल जनुक असते, त्यामुळे पिल्लांचे रंग आईबापांसारखे येत नाहीत आणि एकाच माशाचा रंग महिन्या-दोन महिन्यांत बदलत राहतो. म्हणजे जी अट पुरी होऊच शकत नाही अशी अट घालून, ती पुरी होणार नाहीत असेच मासे मला विकले होते. ही अनुवंशशास्त्राची फसवणूक जीवशास्त्राच्या शिक्षकावर झाली, याचे दुःख पैशांपेक्षा अधिक आहे. ५८ पैकी ४१ नर एका व्यापाऱ्याने ३५ रुपयांप्रमाणे घेतले, १,४३५ रुपये झाले. हा बाजारभाव विचारायला आधी एक फेरी मारली असती, तर घाऊक ३५ ला मिळणारा मासा कोणी १८० ला का घेईल, हा प्रश्न तिथेच पडला असता. तुम्ही ती फेरी आधी मारा.

ऑगस्टमध्ये त्यांचा दूरध्वनी बंद झाला. शेडला कुलूप होते.

पोलीस ठाण्यात मी सप्टेंबरात गेलो. हा दिवाणी व्यवहार आहे, करार आहे ना, मग न्यायालयात जा, असे पहिले उत्तर मिळाले. दुसऱ्या खेपेला, शेड पुण्याकडची म्हणून तिकडे जा, असे सांगितले. तिकडच्यांनी पैसे सांगलीतून गेले म्हणून परत पाठवले. हद्द कोणतीही असली तरी गुन्हा नोंदवून नंतर वर्ग करता येतो, हे मी त्यांना सांगितल्यावर त्यांना राग आला. तिसऱ्या खेपेला व्यवहार फेब्रुवारीतला म्हणून फसवणुकीचे जुने कलम ४२० लावायचे की तक्रार सप्टेंबरातली म्हणून नव्या भारतीय न्याय संहितेचे ३१८, यावर दोन अंमलदारांत वीस मिनिटे चर्चा झाली आणि जेवणाची सुट्टी झाली. गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वीचा असेल तर जुनाच कायदा लागतो, हे मला, एका शिक्षकाला, त्यांना सांगावे लागले. त्यावर एक जण म्हणाला, "सर, तुम्ही स्वतः सायन्सचे. तुम्हालाच नर-मादी कळली नाही, तर आम्ही काय तपास करायचा?" बाकावर बसलेले सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याचा मला अजून राग येतो.

१९३० या क्रमांकावर दूरध्वनी केला. तो ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी आहे आणि तिथे पहिल्या काही तासांना महत्त्व असते; सात महिन्यांपूर्वीच्या धनादेशासाठी तो नाही, असे कळले. मत्स्यव्यवसाय कार्यालयात, आम्ही केवळ अर्ज स्वीकारतो, खासगी कंपन्यांशी आमचा संबंध नाही, असे सांगण्यात आले. त्या कंपनीच्या पत्रकावर योजनेचे नाव छापलेले आहे, हे मी दाखवले; पत्रक त्यांनी ठेवून घेतले आणि पोच दिली नाही. कोणत्याही कार्यालयात मूळ कागद देऊ नका आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, एवढी एकच गोष्ट या सगळ्यात फुकट मिळाली. व्यापारी हेतूने खरेदी केली तर कायद्याने ग्राहक मानत नाहीत, मात्र उपजीविकेच्या स्वयंरोजगारासाठी केली तर मानतात. मला निवृत्तिवेतन मिळते म्हणून ही उपजीविका नव्हती, असा युक्तिवाद समोरचे करतील, असे वकील म्हणतात. १,३२,७१५ रुपयांचा खड्डा निवृत्तिवेतनातून भरणाऱ्याची उपजीविका कोणती, हे मी आयोगाला विचारणार आहे.

त्या शेडमधून ज्यांनी मासे घेतले असतील, त्यांनी कराराची दोन्ही पाने, धनादेशाची नोंद आणि विशेषतः खोक्यावरची पावती फेकू नये. माझ्या खोक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता शेडचा नव्हता, कोलकात्याचा होता. तुमच्या खोक्यावरही तोच असेल, तर तुमची पावती माझ्या तक्रारीत उपयोगी पडेल आणि माझी तुमच्या.