मेट्रो वन: घाटकोपर ते साकीनाका

आमच्या साकीनाक्याच्या शिलाई युनिटमध्ये घाटकोपर, असल्फ्याहून पोरी कामाला येतात त्या या मेट्रोच्या जोरावर. पूर्वी अंधेरी-घाटकोपर रस्त्यावर बस अशी अडकायची की घरचे नोकरीलाच नको म्हणायचे. आता रात्री शिफ्ट सुटली की रिकामे डबे पिशवीत घालून सगळ्या सरळ जिन्याकडे!

वर्सोवा ते घाटकोपर अशी पूर्ण 11.4 किलोमीटर, 12 स्टेशनं, 8 जून 2014ला सुरू झालेली मुंबईची ही पहिली मेट्रो सरकार आणि खासगी कंपनीच्या भागीदारीतली. भाड्यावरून भागीदार कोर्टात गेले, हे मात्र खटकतं. भाडं कोण, कसं ठरवणार हे करारातच पक्कं हवं. गाडी एसी, वेळ वाचतो. फक्त चारऐवजी सहा डबे करा, तेही लवकर.